वेदनेचा तक्ता : एका गाजलेल्या अभ्यासाची उलटतपासणी

अंगात ताप किती आहे हे तापमापक सांगतो. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन यांचेही आकडे मिळतात. पण माणसाला किती दुखते आहे हे दाखवणारे खात्रीचे उपकरण आजवर कोणाला बनवता आलेले नाही. रुग्ण काय सांगतो आणि तो कसा वागतो यावरूनच वेदनेचा अंदाज बांधावा लागतो. सांगणे म्हटले की भाषा आली. कितपत सांगावे, कोणापुढे कण्हावे आणि कोणापुढे दात आवळून गप्प बसावे, हे तर आपण लहानपणी घरातच शिकतो. तेव्हा एकच दुखणे निरनिराळ्या समाजांतील माणसे निरनिराळ्या रीतीने सोसतात का, असा प्रश्न आरोग्य मानसशास्त्राच्या अभ्यासकांना पडला, यात नवल नाही.

या प्रश्नाला सुरुवातीच्या काळात मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत गाजलेले उत्तर मार्क झ्बोरोव्स्की या मानवशास्त्रज्ञाचे. त्याचा वेदना आणि संस्कृती यांवरील निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्याच कामाचा विस्तार करून १९६९ साली त्याने ‘पीपल इन पेन’ हे पुस्तक लिहिले आणि त्याला मार्गारेट मीड या ख्यातनाम मानवशास्त्रज्ञ बाईंची प्रस्तावना लाभली. पुढे कित्येक दशके वैद्यकाच्या, परिचर्येच्या आणि मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या अभ्यासाचे दाखले दिले गेले.

इतक्या जुन्या अभ्यासाची समीक्षा आज कशासाठी, असे वाचक विचारतील. याचे कारण असे, की अभ्यास जुना झाला तरी त्यातून निघालेली विचाराची रीत जुनी झालेली नाही. ‘अमुक समाजाचे लोक वेदना अशा सोसतात’ हे वाक्य अजून पुस्तकांत छापले जाते, आणि त्यावर विसंबून रुग्णाला वेदनाशामक द्यायचे की नाही हे ठरू शकते. मी मानसशास्त्रज्ञ नाही. परंतु मोजमाप आणि मोजमापातील चुका हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्या नजरेने या अभ्यासाकडे पाहू.

अभ्यास काय होता?

न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स भागात माजी सैनिकांसाठी एक मोठे रुग्णालय होते. झ्बोरोव्स्कीने तेथील रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. १९५२ च्या निबंधात एकूण १०३ व्यक्ती आहेत. त्यांतील ८७ वेदनेने आजारी असलेले रुग्ण आणि १६ निरोगी. बहुतेक रुग्णांना मणक्यांमधील चकती सरकण्याचा किंवा मज्जारज्जूचा विकार होता. मूळ कुळावरून गट पाडले तर ज्यू ३१, इटालियन २४, आयरिश ११, पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत राहिलेले ‘जुने अमेरिकन’ २६ आणि इतर ११ अशी विभागणी होती.

तेथील डॉक्टरांचा समज असा होता, की ज्यू आणि इटालियन रुग्ण वेदना अतिशयोक्तीने सांगतात. त्यांना दुखणे लवकर जाणवते आणि सोसवत नाही. ‘जुने अमेरिकन’ मात्र त्यांना आदर्श रुग्ण वाटत. त्रयस्थाने अहवाल द्यावा तसे कोठे, केव्हा, किती दुखते हे ते सांगत. ओरडून काही उपयोग नाही, तज्ज्ञाला नीट माहिती द्यावी म्हणजे तो दुरुस्त करील, ही त्यांची धारणा.

झ्बोरोव्स्कीने डॉक्टरांच्या समजापाशी न थांबता रुग्णांनाच विचारले. त्यातून त्याला एक महत्त्वाची गोष्ट सापडली. ज्यू आणि इटालियन रुग्ण दोघेही मोकळेपणाने कण्हत, रडत, घरच्यांना हाका मारत. वरून पाहता दोघांचे वागणे एकच. पण त्यामागची काळजी वेगळी होती. इटालियन रुग्णाला त्या क्षणी होणारी वेदना नको होती. औषध मिळून दुखणे थांबले की तो हसतखेळत वागू लागे. ज्यू रुग्णाला चिंता होती ती या वेदनेचा अर्थ काय याची. हे दुखणे कशाचे लक्षण आहे, पुढे आपले आणि कुटुंबाचे काय होणार, हा त्याचा प्रश्न. वेदनाशामक घ्यायलाही तो कचरत असे. औषधाने दुखणे झाकले जाते, रोग तसाच राहतो, शिवाय त्याची सवय लागते, असे त्याला वाटे.

वागणे सारखे दिसले म्हणून त्यामागची वृत्ती सारखी असेलच असे नाही, हा या निबंधाचा खरा गाभा होय. डॉक्टरांनी दोन्ही गटांना ‘हळवे’ या एकाच पेटीत टाकले होते. मुलाखतींनी ती पेटी उघडली. दोघांना सारखाच उपाय पुरणार नव्हता. एकाला गोळी हवी होती, दुसऱ्याला डॉक्टरांशी बोलणे हवे होते. हे निरीक्षण आजही मोलाचे आहे आणि त्याचे श्रेय झ्बोरोव्स्कीला दिलेच पाहिजे. पिढी बदलली, शिक्षण वाढले, की ही वळणे बदलतात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. दुर्दैव असे, की पुढच्या लोकांनी नेमका हा भाग गाळला आणि ‘ज्यू असे, इटालियन तसे’ एवढेच उचलले.

पुरावा कितपत भक्कम?

आता उलटतपासणी. पहिला प्रश्न नमुन्याचा. एका शहरातील एका रुग्णालयातले, एकाच लिंगाचे, सैन्यात राहून आलेले आणि मुख्यतः पाठीच्या विकाराचे रुग्ण. यांच्यावरून सबंध ‘इटालियन संस्कृती’बद्दल बोलणे म्हणजे एका तळ्याच्या एका काठावरून ओंजळभर पाणी घेऊन सगळ्या नद्यांची चव सांगण्यासारखे आहे. आयरिश तर अवघे अकरा. अकरा जणांच्या गटात दोघांची वृत्ती वेगळी निघाली तरी चित्र पालटते.

दुसरा प्रश्न गुंतलेल्या कारणांचा. ‘जुने अमेरिकन’ आणि स्थलांतरितांची मुले यांच्यात फक्त संस्कृतीचा फरक नव्हता. इंग्रजीवरील प्रभुत्व, शिक्षण, मिळकत आणि डॉक्टरांशी बरोबरीने बोलण्याची सवय यांतही फरक असणारच. डॉक्टर स्वतः ज्या थरातून आलेले, त्या थराच्या रीतीने बोलणारा रुग्ण त्यांना ‘समंजस’ वाटणे साहजिक आहे. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, की एका वेळी एकच घटक बदला आणि बाकीचे स्थिर ठेवा. येथे अनेक घटक एकदम बदलले होते.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलभूत आहे. मोजले काय? वेदना जाणवणे, ती सहन करणे आणि ती व्यक्त करणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतच १९६५ साली स्टर्नबाख आणि टर्स्की या संशोधकांनी याच चार कुळांतील गृहिणींवर प्रयोग केला. विजेचा झटका हळूहळू वाढवत नेला. झटका जाणवू लागण्याच्या पातळीत चारही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो ‘आता पुरे’ म्हणण्याच्या पातळीत. म्हणजे चेतासंस्था सारखीच संदेश देते. तो कोठवर सोसायचा याबाबत फरक पडतो.

पण ही सहनमर्यादा तरी संस्कृतीने कायमची कोरून ठेवलेली असते का? माँट्रियल येथे लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने वाचनीय आहे. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला टोकदार कडक रबराचे उंचवटे शिवले होते. पट्टा फुगवत नेला की दंडाला टोचे. ज्यू आणि प्रॉटेस्टंट स्त्रियांची सहनमर्यादा एकदा मोजली. मग ज्यू स्त्रियांपैकी काहींना सहज बोलल्यासारखे सांगितले, की तुमचे लोक प्रॉटेस्टंटांपेक्षा वेदना कमी सोसतात असे म्हणतात. थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तेव्हा त्यांची सहनमर्यादा बरीच वाढली होती. जिला आपण समाजाचा पिढीजात गुणधर्म समजत होतो, ती गोष्ट एका वाक्याने काही मिनिटांत सरकली.

परिस्थितीचा परिणाम किती मोठा असतो याचे दुसरे उदाहरण हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरचे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आघाडीवर त्याने जखमी सैनिक पाहिले होते. पुढे १९५६ साली त्याने त्यांची तुलना शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी केली. वेदनाशामकाची मागणी सैनिकांपैकी सुमारे ३२ टक्क्यांनी केली, तर नागरिकांपैकी सुमारे ८३ टक्क्यांनी. दोन्ही गट एकाच देशाचे. बीचरचे स्पष्टीकरण असे, की सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका. नागरिकाच्या लेखी शस्त्रक्रिया म्हणजे संकट. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धान्तामुळे अशा निरीक्षणांना शरीरशास्त्रीय आधार मिळाला. मज्जारज्जूतील वेदनासंदेशाची वाट मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांनी काही अंशी उघडते किंवा मिटते, हा त्याचा सारांश. त्यातील तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

शब्दांचा घोळ

यावर कोणी म्हणेल, मुलाखती सोडा, चांगली प्रश्नावली बनवा आणि सगळीकडे तीच वापरा. अशी प्रश्नावली आहे. मेल्झॅकने १९७५ साली मॅक्‌गिल विद्यापीठात तयार केलेल्या प्रश्नावलीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे, त्यांवरून गुण काढायचे. इंग्रजीत ती उपयुक्त ठरली. अडचण येते ती भाषांतर करताना.

आपली मराठीच पाहा. दाढ ठणकते, गळू ठसठसते, कंबरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, पायात गोळे येतात, पोटात मुरडा होतो, काटा सलतो, डोळा खुपतो, खरचटलेले चुरचुरते, भाजलेले हुळहुळते, तापापूर्वी अंग कसकसते. प्रसूतीच्या वेदनांना तर ‘कळा’ हा शब्द राखून ठेवलेला आहे. यांतील कित्येक शब्दांना इंग्रजीत नेमका जोड नाही, आणि इंग्रजी यादीतील कित्येक शब्दांना मराठीत नाही. शिवाय ‘दुखणे’ या शब्दातच एक गंमत आहे. तो वेदनेलाही लागू पडतो आणि आजारालाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण ‘दुखणाईत’ म्हणतो, मग त्याचे काही दुखत असो वा नसो. तेव्हा ‘तुमचे दुखणे शून्य ते दहा यांत किती?’ असे विचारले तर एखादी आजी वेदनेचा आकडा सांगेल, दुसरी आजाराच्या गांभीर्याचा. दोघींच्या आकड्यांची सरासरी काढता येईल, पण ती कशाची सरासरी म्हणायची? असे आकडे दुसऱ्या देशातील आकड्यांशी ताडून पाहिले, तर निघणारा फरक भाषांतराचा असेल आणि आपण मात्र तो संस्कृतीच्या नावावर मांडू.

निबंधापासून तक्त्यापर्यंत

झ्बोरोव्स्कीनंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आणि त्यात सावध संशोधकही होते. पण पाठ्यपुस्तकाला सावधपणा परवडत नाही. त्याला चौकट हवी असते. त्या चौकटीचे टोकाचे उदाहरण २०१७ साली उजेडात आले. पिअर्सन या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या परिचर्येच्या एका पाठ्यपुस्तकात वेदना आणि सांस्कृतिक विविधता यांविषयी एक चौकट होती. ज्यू रुग्ण आरडाओरडा करून मदत मागतात, कृष्णवर्णीय रुग्ण वेदनेची तीव्रता जास्त सांगतात, चिनी रुग्ण परिचारिकेला त्रास नको म्हणून औषध मागत नाहीत, अशा अर्थाची विधाने त्यात समाजवार मांडली होती. आपणही त्यात होतो. हिंदू रीतीने वागणारे भारतीय पुढचा जन्म चांगला मिळावा म्हणून वेदना सोसली पाहिजे असे मानतात, अशा आशयाचे वाक्य तेथे होते. या पानावर चोहोबाजूंनी टीका झाली, प्रकाशकांनी माफी मागितली आणि तो मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले.

१९५२ चा निबंध आणि २०१७ ची चौकट यांच्यामध्ये सरळ रेघ ओढण्याचा माझा हेतू नाही. पण दोन्हींतील विचाराची जातकुळी एक आहे आणि उतरत्या क्रमाने काय हरवत गेले हे स्पष्ट दिसते. निबंधात निदान माणसे बोलत होती. त्यांची पिढी, शिक्षण, भीती यांची नोंद होती. चौकटीत फक्त समाजाचे नाव आणि त्यापुढे एक वाक्य उरले. विशेष म्हणजे हे सारे चांगल्या हेतूने झाले. परिचारिकांनी रुग्णाच्या संस्कृतीचा आदर करावा म्हणून ती चौकट घातलेली होती.

सरासरी आणि समोरचा माणूस

यातील गणिती चूक वर्गात समजावून सांगता येण्याजोगी आहे. समजा, दोन समाजांच्या सहनमर्यादेच्या सरासरीत खरोखरच फरक आहे आणि तो अर्ध्या प्रमाण विचलनाइतका आहे. मानसशास्त्रात हा फरक मध्यम आकाराचा धरतात. अगदीच किरकोळ मानत नाहीत. आता दोन्ही समाजांतून एकेक व्यक्ती चिठ्ठी टाकून निवडली, तर जास्त सरासरीच्या समाजातील व्यक्तीच अधिक सोशीक निघण्याची शक्यता किती? दोन्ही वितरणे नेहमीच्या घंटेच्या आकाराची धरली तर उत्तर येते सुमारे ६४ टक्के. नाणे उडवून ठरवले असते तर ५० टक्के आलेच असते. म्हणजे संशोधन अचूक आहे असे धरूनही, शंभर जोड्यांपैकी छत्तीस जोड्यांत आपला अंदाज उलटा ठरेल.

सरासरी हे गटाविषयीचे विधान आहे. औषधाची किती मात्रा लागेल याचा हिशेब करून साठा मागवणाऱ्याला ते कदाचित उपयोगी पडेल. खाटेवरच्या एका माणसाला किती दुखते आहे हे ठरवण्यासाठी ते वापरणे म्हणजे गावाची सरासरी उंची पाहून पाहुण्याचा सदरा शिवण्यासारखे आहे. पाहुणा समोर उभा असताना त्याचे माप का घेऊ नये?

किंमत कोण मोजतो?

या चुकीची किंमत मोजणारी माणसे आहेत. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठ रुग्णालयातील नोंदी नॉक्स टॉड आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. हातापायाचे लांब हाड मोडून तातडीच्या विभागात आलेल्यांपैकी हिस्पॅनिक रुग्ण ३१ आणि गोरे १०८. हाड मोडल्यावर किती दुखते याबद्दल फारसा वाद असू नये. तरीही ५५ टक्के हिस्पॅनिक रुग्णांना वेदनाशामक अजिबात मिळाले नव्हते. गोऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. अटलांटा शहरात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अशाच पाहणीत वेदनाशामक ७४ टक्के गोऱ्यांना आणि ५७ टक्के कृष्णवर्णीयांना मिळाल्याचे दिसले. येथेही नमुने लहान आहेत आणि झ्बोरोव्स्कीला लावलेली कसोटी मी यांनाही लावीन. पण येथे मोजलेली गोष्ट साधी आहे : औषध दिले की नाही. तिचा अर्थ लावताना भाषांतर करावे लागत नाही.

२०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधाने दिली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यासारखी खोटी विधानेही त्यांत होती. सुमारे निम्म्यांनी निदान एक तरी खोटे विधान खरे मानले. आणि अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली.

आता त्या ‘पुढच्या जन्मा’च्या वाक्याकडे वळू, कारण ते आपल्याबद्दल आहे. भारतात कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेत तळमळत राहिले हे खरे आहे. त्याचे कारण त्यांचा कर्मविपाकावरील विश्वास होते काय? १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा आला. मॉर्फिन बाळगण्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागू लागले आणि कारकुनी चुकीलाही तुरुंगवासाची भीती निर्माण झाली. रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढच्या साधारण बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशाची ही स्थिती!

केरळात कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदना-उपशमनाचे काम सुरू केले. तेथे दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन घरी नेण्यासाठी दिले गेले. गैरवापराचे किंवा औषध बाहेर वळवल्याचे एकही प्रकरण आढळले नाही, असा अहवाल २००१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. औषध हाती येताच रुग्णांनी ते घेतले आणि त्यांची वेदना हटली. पुढच्या जन्माची सबब कोणी पुढे केली नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची पद्धत सुटसुटीत करण्यात आली, तरी गरजेच्या मानाने पुरवठा आजही तोकडा आहे. जी गोष्ट कायद्याने आणि कारभाराने घडली तिचे खापर धर्मावर फोडले, की कायदा बदलण्याची निकड कोणाला वाटत नाही. अशा स्पष्टीकरणाचा सर्वांत मोठा धोका हा आहे.

मग संस्कृतीचा विचार सोडून द्यायचा?

मुळीच नाही. तसे केले तर आपण झ्बोरोव्स्कीच्या आधीच्या डॉक्टरांपाशी परत जाऊ, ज्यांना आपल्यासारखे न बोलणारा प्रत्येक रुग्ण कांगावखोर वाटत होता. माणूस वेदनेला काय अर्थ लावतो यावर त्याचे सोसणे, डॉक्टरकडे जाणे, औषध घेणे अवलंबून असते. फक्त तो अर्थ तक्त्यात शोधायचा नाही, त्या माणसाकडून ऐकायचा.

त्यासाठी पद्धतीही आहेत. आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली डॉक्टरांसाठी साधे प्रश्न सुचवले : तुमच्या मते हा त्रास कशामुळे झाला, तो आत्ताच का सुरू झाला, त्याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, उपचाराने काय व्हावे असे वाटते. मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील कुष्ठरोग्यांच्या अभ्यासातून मुलाखतीची एक सविस्तर चौकट तयार केली आणि ती १९९२ साली प्रसिद्ध केली. रुग्णाचे स्वतःचे शब्द त्यात राखले जातात आणि त्यांची मोजणीही करता येते. आतून समजून घेणे आणि बाहेरून मोजणे यांत वैर असण्याचे कारण नाही, हे त्या कामाने दाखवले.

क्लाइनमन आणि बेन्सन यांनी २००६ साली सांगितलेली एक हकिगत येथे नमूद करण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियात एक मेक्सिकन बाप आपल्या एच.आय.व्ही.बाधित चार वर्षांच्या मुलाला तपासणीसाठी नियमित आणत नव्हता. त्याच्या समाजाच्या आजाराविषयी काही वेगळ्या समजुती असाव्यात असे डॉक्टरांना वाटले आणि त्यांनी मानवशास्त्रज्ञाला बोलावले. त्याने बापालाच विचारले. त्याला आजाराची आणि उपचारांची सर्व माहिती होती. तो तुटपुंज्या पगारावर रात्री उशिरापर्यंत बस चालवत होता आणि मुलाला आणायला त्याला वेळ मिळत नव्हता.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना जोडलेल्या टिपांत म्हटले आहे, की वेदना हा नेहमीच व्यक्तीचा अनुभव असतो, त्यावर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक घटकांचा प्रभाव पडतो, आणि ‘मला दुखते’ असे कोणी सांगितले तर त्याचा मान राखावा. ज्याला बोलता येत नाही त्यालाही वेदना असू शकते, हेही त्यांत आहे. सामाजिक घटकांना त्यात जागा आहे, पण शेवटचा शब्द दुखणाइताचा.

शाळेसाठी

‘पीपल इन पेन’ मिळाले तर अवश्य वाचावे. मुलाखतींचा भाग मन लावून वाचावा, निष्कर्षांचा भाग हातात पेन्सिल घेऊन. समाजाविषयीच्या प्रत्येक विधानाशेजारी तीन प्रश्न लिहावेत : किती जणांवरून? कोणाच्या भाषेत विचारून? आणखी कोणते कारण असू शकेल? वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हा चांगला अभ्यास होईल. वर्तमानपत्रांत ‘अमुक देशाचे लोक अधिक सुखी’, ‘तमुक राज्याचे लोक अधिक तणावग्रस्त’ अशा बातम्या येतात, त्यांनाही हेच प्रश्न लावता येतात.

आणखी एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना घरातून आणि शेजारून दुखण्याचे शब्द गोळा करायला सांगावे. कोणता शब्द शरीराच्या कोणत्या भागासाठी आणि कोण वापरते याची नोंद ठेवावी. आजीचे शब्द आणि नातवाचे शब्द, कोकणातले आणि वऱ्हाडातले शब्द वेगळे निघतील. ‘मुलीसारखा रडू नकोस’ हे वाक्य कोणाला किती वेळा ऐकावे लागले याचीही नोंद होऊ द्यावी. एका वर्गातच किती विविधता आहे हे पाहिल्यावर ‘मराठी माणूस वेदना अशी सोसतो’ असे वाक्य लिहायला विद्यार्थी सहजासहजी धजणार नाहीत.

शिक्षकांपुढे तर हा प्रश्न दर आठवड्याला येतो. पोट दुखते म्हणून एक मूल घरी जायची परवानगी मागते. ते कोणत्या वस्तीतले, कोणत्या घरचे, त्याची भावंडे कशी होती, यावरून आपल्या मनात एक तक्ता तयार असतो आणि खरे-खोटे आपण त्यावरून ठरवतो. त्याऐवजी कोठे दुखते, केव्हापासून, आणि ठणकते की मुरडते, एवढे त्या मुलालाच विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.